परिचर्या शिक्षणातील लेखी शेरा : एक ऐतिहासिक आढावा (पेडणे व डिचोली तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विद्यार्थ्याच्या लिखाणावर शिक्षक जो अभिप्राय लिहितो, त्यासाठी मराठीत 'शेरा' हा छोटा आणि नेमका शब्द आहे. शाळातपासनिसाचे शेरेबुक, कचेरीतील अर्जावरचा शेरा, प्रगतिपुस्तकातला शेरा अशा अनेक ठिकाणी हा शब्द रुळला. शिक्षणशास्त्रात परीक्षा आणि गुणदान यांवर विपुल लेखन झाले आहे; शेऱ्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. गुण कसे द्यावेत याचे नियम विद्यापीठ ठरवते. शेरा कसा लिहावा हे मात्र बहुधा शिक्षकाच्या सवयीवर सोडलेले असते.

परिचर्या म्हणजे नर्सिंगच्या शिक्षणात या सवयीला विशेष महत्त्व आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने निबंधात केलेली चूक कागदावरच राहते. परिचर्येच्या विद्यार्थिनीने वहीत केलेली चूक दुरुस्त झाली नाही, तर ती उद्या रुग्णाच्या खाटेपर्यंत जाऊ शकते. म्हणून शेरा हा येथे शिष्टाचाराचा भाग नसून रुग्णाच्या सुरक्षिततेशी जोडलेला व्यवहार आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचा ऐतिहासिक मागोवा घेऊन गोव्यातील, विशेषतः पेडणे व डिचोली या तालुक्यांतील विद्यार्थिनींच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये आरोग्य सहायकाचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांनाही हा विचार उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

इस्लाहची परंपरा

लेखी दुरुस्तीची परंपरा आपल्याकडे आधुनिक महाविद्यालयांच्या आधीची आहे. उर्दू काव्यात तिला 'इस्लाह' म्हणतात. शागीर्दाने गझल लिहून उस्तादाकडे पाठवावी आणि उस्तादाने शब्द बदलून, ओळ सुधारून ती परत करावी, असा हा रिवाज होता. पसंत पडलेल्या शेरावर उस्ताद 'साद' या अक्षराची खूण करीत. 'सहीह' म्हणजे बरोबर, या शब्दाचे ते आद्याक्षर. आजच्या शिक्षकाची बरोबरची खूण त्याच जातीची आहे.

मिर्झा गालिब यांनी आपले शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली पत्रे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. गालिब यांचे पत्रसंग्रह 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या नावांनी प्रसिद्ध झाले. तफ्ता यांना लिहिलेल्या पत्रांत अमुक शब्द चुकला एवढे सांगून गालिब थांबत नाहीत. तो का चुकला, फारसीत त्याचा रूढ वापर कोणता, याची चर्चाही करतात. पुढे हैदराबादेत राहिलेल्या दाग देहलवी (१८३१-१९०५) यांच्याकडे दूरदूरचे शागीर्द टपालाने गझला पाठवीत. तरुण मुहम्मद इक्बाल त्यांपैकी एक होते. काही काळाने, आता दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नाही, असे दाग यांनी त्यांना कळवले, ही हकिगत उर्दू वाङ्मयेतिहासात नमूद आहे.

या परंपरेतून दोन गोष्टी हाती लागतात. दुरुस्तीला कारणाची जोड हवी, ही पहिली. दुसरी अशी, की शागीर्दाला एक दिवस उस्तादाची गरज उरू नये, हा दुरुस्तीचा अंतिम हेतू आहे. आधुनिक शिक्षणशास्त्र याच दोन निष्कर्षांवर बऱ्याच उशिरा आले, हे पुढे दिसेल.

नाइटिंगेल यांचा तक्ता आणि रोजनिशी

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा आरंभ १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे सुरू झालेल्या शाळेपासून मानला जातो. तेथे प्रत्येक उमेदवार परिचारिकेचा मासिक तक्ता भरला जाई. त्याचे दोन भाग होते. एका भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे स्वभावविषयक रकाने होते. दुसऱ्या भागात जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, खोलीतील हवा खेळती ठेवणे अशी कौशल्ये होती. उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे आणि शून्य अशा पाच श्रेणींत नोंद होई.

याखेरीज उमेदवारांनी रोजनिशी लिहावी आणि व्याख्यानांची टिपणे ठेवावीत, अशी पद्धत होती. १८७२ पासून नाइटिंगेल यांनी शाळेच्या कारभारात जातीने लक्ष घातले. त्या उमेदवारांना भेटू लागल्या आणि त्यांच्या वह्या वाचून मते नोंदवू लागल्या. याच वर्षापासून त्या विद्यार्थिनींना उद्देशून लेखी पत्रेही लिहू लागल्या.

येथे परिचर्या शिक्षणातील शेऱ्याचे दोन प्रकार जन्माला आले. तक्त्यातला शेरा वरिष्ठांसाठी होता. तो विद्यार्थिनीविषयी होता आणि तिचा स्वभाव व शिस्त मोजत होता. वहीवरचा शेरा विद्यार्थिनीला उद्देशून होता आणि तिने काय पाहिले, काय समजून घेतले, याकडे बघत होता. पुढील शंभर वर्षांत पहिला प्रकार वाढला आणि दुसरा मागे पडला, असे म्हणावे लागते. परिचारिका आज्ञाधारक असावी ही अपेक्षा प्रबळ असताना तिच्या विचारप्रक्रियेवर शेरा लिहिण्याची निकड कुणाला वाटली नाही.

मुंबई, मिरज, पुणे

मराठी मुलखात या शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते. ते वर्ष १८९१ होते. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाच्या माध्यमातून रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांना या व्यवसायाकडे वळवले. ज्या काळी रुग्णसेवेचे हे काम कुलीन घरांत कमीपणाचे मानले जाई, त्या काळी हे धाडसच होते.

शिक्षण मुख्यतः वॉर्डात, हाताने काम करून होत असे. विद्यार्थिनी ही रुग्णालयाची मनुष्यबळाची गरज भागवणारी उमेदवार होती. तिचे लिखाण म्हणजे व्याख्यानाची टिपणे आणि कामाची नोंदवही. त्या नोंदवहीवर सिस्टरची सही पडली की काम पूर्ण. 'पाहिले' या शेऱ्याचे मूळ येथे आहे. काम केले, याची ती पोच होती. काम समजले का, हा प्रश्न त्या सहीत नव्हता.

भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले होते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. परिचर्या विद्यापीठात आली, तसा लेखी स्वाध्यायही तिच्याबरोबर आला.

नोंदवहीपासून शुश्रूषा आराखड्यापर्यंत

खरा बदल घडला तो 'परिचर्या प्रक्रिया' या संकल्पनेमुळे. आयडा जीन ऑर्लँडो यांचे १९६१ मधील लेखन आणि हेलन युरा व मेरी वॉल्श यांचे १९६७ मधील पुस्तक यांतून ही संकल्पना रूढ झाली. रुग्णाची पाहणी, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशा तिच्या पायऱ्या होत्या. १९७३ मध्ये अमेरिकन परिचारिका संघटनेने आपल्या मानकांत 'परिचर्या निदान' या पायरीला स्थान दिले. वैद्याचे निदान रोगाचे असते. परिचारिकेचे निदान त्या रोगामुळे माणसाच्या जगण्यात आलेल्या अडचणीचे असते.

यातून आजचा शुश्रूषा आराखडा, म्हणजे 'नर्सिंग केअर प्लॅन' तयार झाला. विद्यार्थिनीच्या आराखड्यात आणखी एक रकाना असतो, तो कारणमीमांसेचा. अमुक उपाय का योजला, हे तेथे लिहायचे असते. नोकरीतल्या परिचारिकेला हा रकाना सहसा भरावा लागत नाही. तो केवळ शिक्षणासाठी आहे. विद्यार्थिनी कसा विचार करते, हे शिक्षिकेला पाहता यावे म्हणून ही खिडकी ठेवली आहे. या रकान्यावर शेरा न लिहिणे म्हणजे ती खिडकी बंद ठेवण्यासारखे आहे.

आराखड्याशिवाय रुग्णवृत्तान्त, औषधांची फाइल, कुटुंब पाहणीचा अहवाल, आरोग्य व्याख्यानाची टाचणे असे अनेक स्वाध्याय अभ्यासक्रमात आले. पदवी अभ्यासक्रमात लेखी विषयांना अंतर्गत मूल्यमापनाचे २५ आणि विद्यापीठ परीक्षेचे ७५ गुण ही विभागणी सर्वपरिचित आहे. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित नियमांनी हा अभ्यासक्रम सत्र आणि श्रेयांक पद्धतीवर नेला. सातत्यपूर्ण मूल्यमापनाला त्यात अधिक जागा मिळाली. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदाही संमत झाला. स्वाध्याय वाढले, वह्या वाढल्या. मात्र सत्राच्या अखेरीस गठ्ठ्याने तपासल्या जाणाऱ्या वह्यांवर 'पाहिले' आणि तारीख एवढेच पडण्याची जुनी सवयही सोबत आली. अशा वेळी विद्यार्थिनी एक साधा धडा शिकतात : वही भरलेली असावी, मग ती आदल्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेली का असेना.

गोव्याची पार्श्वभूमी : पेडणे आणि डिचोली

गोव्यात आधुनिक वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पणजीची वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा १८४२ मध्ये स्थापन झाली आणि मुक्तीनंतर तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. ते शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. तेरेखोल आणि शापोरा या नद्यांमधला पेडणे तालुका आणि त्याच्या आग्नेयेस असलेला डिचोली तालुका हे 'नव्या काबिजादी'चे भाग होत. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते पोर्तुगीज सत्तेखाली आले. जुन्या काबिजादीच्या तुलनेत येथे पोर्तुगीज भाषा वरवरच राहिली. घरात कोकणी बोलायची आणि वाचन-लेखन मराठीतून करायचे, ही रीत टिकली. पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे, हा याच परंपरेचा धागा. डिचोलीत १६८३ मधील, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर याच्या वास्तव्याशी जोडलेले नमाजगाह आहे. तालुक्यातील काही मुस्लिम घरांत कोकणीबरोबर उर्दूही बोलली जाते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि या दोन तालुक्यांतील मुलींना शाळेची वाट खुली झाली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीलाही स्थान मिळाले. १९९० च्या सुमारास प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी व मराठी माध्यमापुरते ठेवण्याचे धोरण आले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. मधल्या वीस वर्षांत शाळेत गेलेल्या पिढीचा प्रवास बराचसा सारखा आहे. चौथीपर्यंत मराठी, पुढे माध्यमिक शाळेत इंग्रजी, आणि बारावीनंतर बांबोळी वा अन्यत्र परिचर्येचे शिक्षण पूर्णतः इंग्रजीतून.

या विद्यार्थिनींचे काम मात्र तीन भाषांत चालते. रुग्णाशी बोलणे कोकणीत किंवा मराठीत. बांबोळीच्या रुग्णालयात शेजारच्या सिंधुदुर्गातून येणाऱ्या रुग्णांशी मालवणीत. नोंद इंग्रजीत. तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी येथील आरोग्य केंद्रांच्या परिसरात घरभेटीला गेल्यावर जे ऐकले, ते परत येऊन इंग्रजी रकान्यात बसवायचे असते. ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये एक भाषांतर आहे. शेरा लिहिणाऱ्याने हे भाषांतर लक्षात घेतले पाहिजे.

शेरा कुठे पडतो

उदाहरणादाखल एक आराखडा घेऊ. रुग्ण मधुमेही असून पायाला जखम आहे. विद्यार्थिनीने मोडक्या इंग्रजीत लिहिले आहे, की तो कुळागरात अनवाणी हिंडतो आणि इन्शुलिनची सुई सून टोचते. उपायांच्या रकान्यात मात्र पुस्तकातील नेहमीची वाक्ये आहेत. आता शिक्षिकेने क्रियापदांखाली लाल रेघा मारून 'इंग्रजी सुधारा' असा शेरा दिला, तर विद्यार्थिनी पुढच्या वेळी पुस्तकातील वाक्ये अधिक उतरवील आणि स्वतःचे निरीक्षण गाळील. कारण पुस्तकी वाक्य चुकत नाही. त्याऐवजी शेरा असा असू शकतो : 'अनवाणी चालण्याची नोंद महत्त्वाची आहे. मग उपायांत पादत्राण का नाही? सून सुई टोचते तर आरोग्यशिक्षण कुणाला द्याल? उद्या दोघांशी बोलून हे दोन रकाने पुन्हा लिहा.' पहिल्या शेऱ्याने भाषा थोडी सुधारेल. दुसऱ्याने रुग्णाचा पाय वाचण्याची शक्यता वाढेल.

भाषेच्या चुका सोडून द्याव्यात, असा याचा अर्थ नाही. लिखाणाच्या काही चुका प्राणघातक असतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य न लिहिल्यास ते चिन्ह नजरेतून निसटून पाच मिलिग्रॅम वाचले जाऊ शकते. पाच मिलिग्रॅमनंतर दशांश चिन्ह देऊन शून्य लिहिल्यास पन्नास वाचले जाऊ शकते. दोन्हीकडे मात्रा दहापट होते. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा लेखनखुणांची जी यादी लागू केली, तीत अखेरचे शून्य लिहू नये आणि आरंभीचे शून्य गाळू नये, हे नियम आहेत. इन्शुलिनचे 'युनिट' एका अक्षरात न लिहिता पूर्ण शब्दात लिहावे, असेही आहे. औषधांच्या फाइलमधील असे एक शून्य आणि केस स्टडीतील चुकलेले क्रियापद या दोहोंवर एकाच लाल शाईची एकसारखी रेघ पडली, तर विद्यार्थिनीने कुठल्या चुकीला घाबरावे, हे तिला कसे कळावे? चुकांची प्रतवारी शेऱ्यातून दिसली पाहिजे.

संशोधन काय सांगते

१९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काहींना केवळ शेरा दिला, काहींना केवळ गुण, तर काहींना दोन्ही. केवळ शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. गुण व शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. त्यांची नजर गुणांवरच थांबली. १९८९ मध्ये रॉइस सॅडलर यांनी सुधारणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : चांगले काम कसे असते हे विद्यार्थ्याला ठाऊक असणे, आपण कुठे आहोत हे कळणे आणि मधले अंतर कापण्याची कृती करता येणे. १९९६ मध्ये अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायानंतर कामगिरी घसरल्याचे त्यांना आढळले. विशेषतः अभिप्राय कामाकडून व्यक्तीकडे वळला, की त्याचा प्रभाव ओसरतो. 'निष्काळजी', 'आळशी' असे शेरे या जातीचे. नाइटिंगेल यांच्या तक्त्यातील स्वभावाचे रकाने त्यांत अजून जिवंत आहेत.

२०१८ मध्ये डेव्हिड कार्लेस आणि डेव्हिड बाउड यांनी आणखी एक मुद्दा मांडला. शेरा समजून घेणे, मनाला लावून न घेता तोलणे आणि त्यावर कृती करणे हेही शिकवावे लागते. दाग यांनी इक्बाल यांना दिलेला निरोप येथे आठवतो. ज्याला दुरुस्तीची गरज उरली नाही, तो दुरुस्ती स्वतः करू शकतो.

काही व्यवहार्य सूचना

भारतीय परिचर्या परिषदेने एका शिक्षकामागे दहा विद्यार्थी हे प्रमाण घालून दिले. प्रत्यक्षात वॉर्डातील देखरेख, वर्ग आणि परीक्षेची कामे सांभाळून प्रत्येक वहीवर विस्तृत लिहिणे शक्य होत नाही. म्हणून पुढील गोष्टी पुरेशा ठराव्यात. सर्व रकाने तपासण्यापेक्षा कारणमीमांसेच्या एका रकान्यावर दोन वाक्ये लिहावीत. सुरक्षिततेची चूक वेगळ्या खुणेने दाखवावी आणि ती दुरुस्त करून पुन्हा दाखवल्याशिवाय वही स्वीकारू नये. शेरा सत्राच्या शेवटी न देता विद्यार्थिनी त्या रुग्णाजवळ असेपर्यंत द्यावा. पहिल्या मसुद्यावर शेरा आणि दुसऱ्यावर गुण, असा क्रम ठेवावा.

शेऱ्याच्या भाषेचा निर्णयही शिक्षकाच्या हाती आहे. पारिभाषिक संज्ञा आणि औषधांची नोंद इंग्रजीतच हवी, कारण रुग्णालयाची कागदपत्रे इंग्रजीत आहेत. मात्र 'हे का केले?' हा प्रश्न मराठीत किंवा कोकणीत लिहिण्यास हरकत नसावी. पहिल्या वर्षी विद्यार्थिनीने घरभेटीतील रुग्णाचे बोलणे देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि शेजारी त्याची इंग्रजी नोंद करावी. शिक्षिकेने त्या दोहोंमधील गळती दाखवावी. हाच मार्ग आरोग्य सहायकांच्या छोट्या अभ्यासक्रमांनाही लागू पडतो. देशात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत झाली आणि २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेने तिला बळ मिळाले. या महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी बहुधा इंग्रजीला बिचकणारेच असतात. पण वृद्ध आजीला उठवून बसवणे, ताप पाहणे, औषधाची वेळ सांभाळणे ही कामे त्यांनी घरी केलेली असतात.

समारोप

लेखी शेऱ्याचा हा इतिहास पाहिला, तर त्यात तीन हेतू एकमेकांत मिसळलेले दिसतात : शिस्त राखणे, काम झाल्याची पोच देणे आणि विचार घडवणे. पहिले दोन रुग्णालयाच्या कारभारातून आले. तिसरा हेतू शिक्षणाचा आहे आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळाला. पेडणे व डिचोलीसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलींपैकी कित्येकींना घरात इंग्रजी वही वाचून दाखवणारे कुणी नसते. तिच्या लिखाणाची लक्षपूर्वक वाचक एकच, ती म्हणजे तिची शिक्षिका. त्या वाचकाने रुग्णाविषयीचे तिचे निरीक्षण वाचले, की केवळ तिचे इंग्रजी, यावर ती पुढे रुग्णाकडे पाहणारी परिचारिका होईल की रकाने भरणारी, हे बऱ्याच अंशी ठरते.